मौन म्हणजे संमती नव्हे : छोट्या रेल्वेच्या एका आकृतीचे परीक्षण

अंकीय नियंत्रणावर चालणाऱ्या छोट्या रेल्वेची कोणतीही माहितीपुस्तिका उघडली की एक आकृती हमखास सापडते. एक चौकोन, त्यातून निघालेल्या दोन तारा आणि तारांच्या टोकाला रुळाचा एक सुटा तुकडा. खाली एक ओळ असते : 'हा प्रोग्रॅमिंग रूळ. तो मुख्य रुळापासून वेगळा ठेवावा.' आकृती संपली. तिच्यात चूक काही नाही. त्याप्रमाणे तारा जोडल्या तर बहुतेक वेळा काम होते. आमची तक्रार वेगळी आहे. ही आकृती 'काय जोडावे' ते सांगते. 'का जोडावे' हे सांगत नाही आणि 'काम झाले नाही तर काय समजावे' याविषयी तर अवाक्षर काढत नाही. विज्ञानशिक्षकाच्या दृष्टीने तिच्यातला शिकवण्याजोगा भाग नेमका या दोन जागी दडलेला आहे.

हा विषय शिक्षकांपुढे मांडण्याला कारण आहे. पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले, आणि तेव्हापासून सहलीला गेलेल्या अनेक मुलांनी अशा गाड्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबच्या निमित्ताने मायक्रोकंट्रोलरचे संच शाळांत पोचले. डीसीसी-ईएक्स नावाची मुक्त प्रणाली वापरून साध्या अर्डुइनोवर आणि त्याच्या मोटर शील्डवर गाडीचे नियंत्रण-केंद्र बनवता येते. म्हणजे जी गोष्ट एकेकाळी परदेशी हौशी मंडळींचीच होती ती आता शाळेच्या प्रयोगशाळेत मांडता येण्याजोगी झाली आहे. अशा वेळी मुलांच्या हाती फक्त पाककृती द्यायची की विचारही द्यायचा, हे ठरवले पाहिजे.

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. जुन्या पद्धतीच्या खेळण्यात रुळाला जितका व्होल्टदाब द्यावा तितक्या वेगाने गाडी पळते. एका रुळावर दोन गाड्या ठेवल्या तर दोन्ही एकदम पळतात. अंकीय पद्धतीत रुळावर दाब कायम असतो आणि दोन्ही रुळांची ध्रुवता सतत उलटसुलट होत राहते. या उलटापालटीच्या कालावधीत संदेश दडलेला असतो. अर्धे आवर्तन ५८ मायक्रोसेकंदांचे असेल तर तो '१', आणि सुमारे १०० मायक्रोसेकंद किंवा त्याहून अधिक असेल तर '०'. इंजिनात बसवलेला डिकोडर हे अंक वाचतो, आज्ञा आपल्या नावाची आहे का ते पाहतो आणि असेल तरच मोटर फिरवतो. जर्मनीतील लेंझ या कंपनीने विकसित केलेली पद्धत पायाभूत धरून, अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या १९३५ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९९० च्या दशकात तिची मानके ठरवली. त्यामुळे एका कंपनीचे इंजिन दुसऱ्या कंपनीच्या केंद्रावर चालते.

आता प्रश्न असा की डिकोडरला त्याचे नाव कोण सांगणार? नवा डिकोडर कारखान्यातून येतो तेव्हा त्याचा क्रमांक ३ असतो. दोन नवी इंजिने घेतली तर दोघांचेही नाव ३. क्रमांक बदलायचा, तर डिकोडरच्या स्मृतीतील ठरावीक घरात नवा अंक लिहावा लागतो. या घरांना 'सीव्ही' म्हणतात. पहिल्या घरात इंजिनाचा क्रमांक, सातव्या घरात आवृत्ती, आठव्या घरात उत्पादकाचा संकेतांक, एकोणतिसाव्या घरात काही मूलभूत निवडी अशी मांडणी असते. अशी १०२४ घरे मोजण्याची सोय मानकात आहे. ती लिहिण्या-वाचण्यासाठी प्रोग्रॅमिंग रूळ लागतो.

तो वेगळा का ठेवायचा, याचे उत्तर आकृतीत नाही. पण मानकात स्पष्ट आहे. या रुळावर पाठवल्या जाणाऱ्या आज्ञेत इंजिनाचा क्रमांकच नसतो. 'पहिल्या घरात १२ लिही' एवढेच तिच्यात म्हटलेले असते. कोणी लिहायचे ते म्हटलेले नसते. वर्गात शिक्षकांनी कोणाचेही नाव न घेता 'उभा राहा' म्हटले तर सगळा वर्ग उभा राहील, तसे होते. ही आज्ञा मुख्य रुळावर गेली तर तिथे उभी असलेली सगळी इंजिने निमूटपणे १२ क्रमांकाची होतील.

वरवर पाहता हा दोष वाटेल. आम्हाला तो गुण वाटतो. इंजिनाचा क्रमांक कोणी विसरले, किंवा भलताच अंक लिहिला गेला, तर नाव घेऊन हाक मारण्याची सोय उरत नाही. बिननावाची आज्ञा तिथे उपयोगी पडते. हरवलेले इंजिन सुट्या रुळावर ठेवा, पहिले घर वाचा, क्रमांक परत मिळतो. मानक लिहिणाऱ्यांनी येथे दूरदृष्टी दाखवली आहे, आणि त्या दूरदृष्टीची किंमत म्हणजे हा सुटा रूळ. एवढे एक वाक्य आकृतीखाली छापले असते तर मुलांनी तो रूळ वेगळा ठेवण्याचा नियम पाठ न करता समजून पाळला असता.

आता तारांकडे वळू. 'वेगळा ठेवावा' म्हणजे एक रूळ कापावा की दोन्ही? ज्यांनी घरातील वीजजोडणी पाहिली आहे त्यांना वाटते, एक तार तोडली की मंडल खंडित झाले, मग दुसरी कशाला तोडायची? दिव्याच्या बटणाला हे लागू पडते. येथे पडत नाही, कारण येथे 'शून्य दाबाची' अशी एकही तार नाही. दोन्ही रूळ आलटून पालटून धन आणि ऋण होत असतात. मुख्य रुळाचा वेगळा चालक आणि प्रोग्रॅमिंग रुळाचा वेगळा चालक अशी दोन स्वतंत्र मंडले चौकोनाच्या पोटात असतात. एक रूळ सामाईक राहिला तर दोन मंडलांत नको तिथे वाट तयार होते आणि केंद्राला प्रवाह मोजता येईनासा होतो. म्हणून दोन्ही रुळांत फट पाहिजे, आणि उन्हाने रूळ प्रसरण पावून फट मिटू नये म्हणून तिच्यात प्लॅस्टिकचा तुकडा बसवला पाहिजे.

तोच तुकडा कधी साधी बाजूची लाइन म्हणून, कधी प्रोग्रॅमिंगसाठी वापरायचा असेल तर मध्ये बटण लागते. हे बटण दोन्ही तारा एकदम बदलणारे, सहा टोकांचे असावे. मधली दोन टोके रुळाला, एका बाजूची दोन मुख्य वाहिनीला, दुसऱ्या बाजूची दोन प्रोग्रॅमिंग वाहिनीला. तीन टोकांचे साधे बटण वापरले तर एक रूळ जोडलेलाच राहतो आणि वरचा सगळा विचार फुकट जातो.

आणखी एक गोष्ट आकृतीत दिसत नाही : गाडीची चाके. इंजिन पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही चाकांतून वीज घेते, आणि ती चाके आतून तारांनी जोडलेली असतात. फटीवरून जाताना पुढची चाके सुट्या रुळावर आणि मागची मुख्य रुळावर असा क्षण येतोच. त्या क्षणी इंजिनच दोन मंडलांचा पूल बनते. बटण प्रोग्रॅमिंगच्या बाजूला असताना हे घडले तर मुख्य रुळाचा जोरकस चालक नाजूक चालकाला भिडतो. यावर उपाय असा की दोन्हींच्या मध्ये सर्वांत लांब इंजिनापेक्षाही लांब असा एक रुळाचा तुकडा ठेवावा. तो फक्त मुख्य वाहिनीवर चालावा आणि प्रोग्रॅमिंग करताना पूर्ण मृत असावा. कागदावर आकृती काढताना चाके विसरणे सोपे असते. मुलांना 'आकृतीत काय राहिले?' हा प्रश्न विचारायला याहून चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही.

इथपर्यंत एकतर्फी बोलणे झाले. खरी गंमत उत्तराची आहे. केंद्र दाब उलटसुलट करून बोलते. पण डिकोडरला दाब बदलता येत नाही. मग तो उत्तर कसे देणार? मानकाने युक्ती काढली ती अशी : 'हो' म्हणायचे असेल तर डिकोडरने सुमारे ६ मिलिसेकंद आपला प्रवाह निदान ६० मिलिअँपिअरने वाढवावा. बहुतेक डिकोडर त्यासाठी मोटरला क्षणभर वीज देतात. म्हणूनच प्रोग्रॅमिंग चालू असताना इंजिन किंचित थरथरते. मुलांना ते बिघाड वाटते, पण इंजिन तेव्हा होकार देत असते. केंद्र प्रवाहावर नजर ठेवून ती उडी टिपते. प्रवाह मुळातच मर्यादित ठेवण्याचे, म्हणजे २५० मिलिअँपिअरच्या वर तो १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त काळ राहू न देण्याचे, बंधन केंद्रावर आहे. नव्याने बसवलेल्या डिकोडरची तार चुकीची जोडली गेली असेल तर तो जळण्याआधी प्रवाह रोखला जातो. म्हणून नवे इंजिन पहिल्यांदा या रुळावर ठेवावे, हा सल्ला अगदी योग्य आहे. उजेडाचे दिवे असलेला डबा मात्र या रुळावर उभा करू नये. मर्यादित प्रवाहातला वाटा तो उगाच खातो.

अर्डुइनोच्या मोटर शील्डवर एका अँपिअरला १.६५ व्होल्ट या प्रमाणात प्रवाहाचे मोजमाप मिळते. ६० मिलिअँपिअरला ०.०९९ व्होल्ट होतात. ५ व्होल्टचे १०२४ भाग करणाऱ्या अर्डुइनोला ही उडी सुमारे २० भागांची दिसते. दहावीच्या मुलाला हे गणित सहज जमते, आणि 'हो' हा शब्द किती बारीक आहे याची कल्पना त्यातून येते.

येथे आमचा मुख्य आक्षेप येतो, आणि तो आकृतीपेक्षा मानकावर आहे. या भाषेत 'हो' आहे, पण 'नाही' नाही. केंद्र विचारते : 'तुझ्या पहिल्या घरातल्या अंकाचा हा द्विमान अंक १ आहे का?' असेल तर प्रवाहाची उडी येते. नसेल तर काहीच येत नाही. परंतु चाकाखाली धूळ असली, तार सुटली, रुळावर इंजिनच नसले, तरीही काहीच येत नाही. नकार आणि अनुपस्थिती यांचा आवाज सारखाच. आपल्याकडे मौनाला संमती मानण्याची रीत आहे. येथे मौनाला 'शून्य' मानले जाते. दोन्ही ठिकाणी गप्प राहणाऱ्याच्या तोंडी आपणच शब्द घालतो.

खऱ्या रेल्वेची रीत याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. आंजर्ल्याला रेल्वे नाही. जवळचे स्थानक खेड, १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेवरचे. या मार्गाचा बराच भाग एकेरी आहे. एकेरी मार्गावर पुढच्या स्थानकाकडून 'लाइन क्लियर' मिळाल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. उत्तर आले नाही तर त्याचा अर्थ एकच, गाडी थांबवा. मौनाला तिथे माहिती मानत नाहीत, धोका मानतात. खाडीवर पूल होण्याआधी पलीकडच्या तीरावरून तरीवाल्याला हाळी देणाऱ्यालाही हे ठाऊक असे. उत्तराची हाळी आली नाही म्हणजे तो 'नाही' म्हणाला असे नव्हे. वारा उलटा असेल.

समुद्रकाठी हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. आंजर्ल्याच्या खाऱ्या, दमट हवेत रुळावर लवकर थर चढतो. पितळी रुळावर तो फार त्रास देतो. निकेल सिल्व्हर म्हणून मिळणाऱ्या रुळावर कमी. त्यात चांदी मुळीच नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे. आमचा अनुभव असा की पावसाळ्यात आठवडाभर पडून राहिलेल्या रुळावर मुख्य गाडी अडखळत का होईना चालते, पण प्रोग्रॅमिंगला उत्तर मिळत नाही. कारण उघड आहे. चालत्या गाडीचे एखादे-दुसरे स्पंद हुकले तरी निभावते. सहा मिलिसेकंदांचा होकार हुकला की तो गेलाच. म्हणून डिकोडर बिघडला असे ठरवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ आणि चाके पुसावीत.

मानकाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आठ द्विमान अंक विचारून झाल्यावर नीट बनवलेले केंद्र नववा प्रश्न विचारते : 'तुझ्या घरातला अंक ३ आहे ना?' सर्व प्रश्नांना मौन मिळाले असेल तर नववा प्रश्न 'तुझ्या घरातला अंक ० आहे ना?' असा होतो. अंक खरोखर शून्य असेल तर आता होकार येतो. इंजिनच नसेल तर आताही मौन. म्हणजे असा प्रश्न, ज्याचे खरे उत्तर 'हो'च असले पाहिजे. एवढ्याने नकार आणि अनुपस्थिती वेगळी होतात. जुन्या रीतीत '० आहे का, १ आहे का' असे २५५ पर्यंत विचारत जावे लागे. एका प्रश्नाला दशांश सेकंद धरला तर तिथे २५ सेकंद लागतील, येथे एक सेकंदही पुरेल. ही सुंदर कल्पना पुस्तिकांतून कुठेच सांगितलेली नसते. पडद्यावर फक्त 'त्रुटी' असा शब्द उमटतो.

लिहिण्याच्या बाबतीत मात्र अडचण उरते. केंद्राने १२ लिहायला सांगितले आणि होकार आला नाही, तर तीन शक्यता असतात : आज्ञा पोचली नाही, पोचली पण लिहिले गेले नाही, लिहिले गेले पण होकार वाटेत हरवला. पुस्तिका म्हणतात, 'पुन्हा लिहा.' आम्ही म्हणू, 'आधी वाचा.' पुन्हा लिहिल्याने त्रुटी बहुधा पुन्हा दिसेल. वाचल्याने तीन शक्यतांपैकी निदान तिसरी निवडून काढता येईल. बेभरवशाच्या वाटेने निरोप धाडणाऱ्या दोघांना परस्परांची पूर्ण खात्री कधीच देता येत नाही, हा संगणकशास्त्रातला प्रसिद्ध सिद्धांत आहे. त्याची छोटी आवृत्ती येथे टेबलावर दिसते.

मानक आता जुने झाल्याच्या दोन खुणाही नोंदवल्या पाहिजेत. पहिली, ६० मिलिअँपिअरचा आकडा. आजच्या अगदी लहान इंजिनांतील गाभारहित मोटरी आणि एलईडी दिवे इतका प्रवाह ओढतच नाहीत. इंजिन 'हो' म्हणते, पण इतक्या हळू की केंद्राला ते ऐकू येत नाही. दुसरी खूण धारित्राची. घाणेरड्या रुळावर इंजिन बंद पडू नये म्हणून आता डिकोडरला मोठे धारित्र जोडतात. प्रोग्रॅमिंगच्या वेळी तेच आड येते. सुरुवातीला भारित होताना ते मर्यादेबाहेर प्रवाह मागते, आणि नंतर मोटरची क्षणिक गरज स्वतःच भागवून प्रवाहाची उडी रुळापर्यंत पोचू देत नाही. मुख्य रुळावरचा तारणहार येथे तोंड दाबून धरतो. त्यामुळे प्रोग्रॅमिंग करताना धारित्र बाजूला करण्याची सोय असलेले डिकोडर निवडणे इष्ट.

हे सर्व शिकवायला गाडी हवीच असे नाही. चार सेल जोडून ६ व्होल्ट घ्या. १०० ओहमचा, अर्धा वॅटचा रोध, एक कळ आणि प्रयोगशाळेतला मिलिअमीटर एकसरीत जोडा. कळ दाबली की ६० मिलिअँपिअर. कळ एका विद्यार्थ्याच्या हाती, पडद्याआड, मीटर दुसऱ्यापुढे. पडद्याआडच्याने ० ते २५५ मधला एक अंक मनात धरून तो द्विमान पद्धतीत लिहावा. दुसऱ्याने आठ प्रश्न विचारावेत. उत्तर 'हो' असेल तरच कळ अर्धा सेकंद दाबायची, बोलायचे नाही. नववा प्रश्न पडताळ्याचा. मग शिक्षकांनी गुपचूप एक तार सोडवावी आणि पुन्हा खेळ घ्यावा. आठ मौने ऐकून मुले 'अंक शून्य आहे' असे ठामपणे सांगतात की नवव्या प्रश्नापर्यंत थांबतात, हे पाहण्यासारखे असते. गरज पडली तर एखादी तार मधल्या प्रश्नाला सोडवावी. मिळालेला अंक चुकीचा आहे हे कोणत्या पायरीवर कळले, ते मुलांनीच शोधावे.

आमचे परीक्षण एवढ्यावर थांबवता येईल, पण शिक्षकांना सांगण्याची एक गोष्ट राहते. धडा संपल्यावर आपण सगळे विचारतो, 'समजले का?' वर्ग गप्प राहतो आणि आपण पुढचा धडा उघडतो. न समजलेला, न ऐकलेला आणि मनाने वर्गाबाहेर गेलेला असे तिघेही त्या गप्प बसण्यात एकसारखे दिसतात. 'शंका आहे का?' हा प्रश्नही त्याच जातीचा. त्यालाही मौन हेच सोयीचे उत्तर. प्रोग्रॅमिंग रुळाच्या नवव्या प्रश्नासारखा, ज्याला उपस्थित मुलाला उत्तर द्यावेच लागेल असा एक प्रश्न प्रत्येक तासाला तयार ठेवता आला पाहिजे. मूळ आकृतीच्या बाजूला ही नवव्या प्रश्नाची ओळ आणि चाकांची एक जोडी काढून ती वर्गात लावावी, एवढीच आमची सूचना आहे.